बदलता पाऊस आणि शेतातील स्त्री

मृग नक्षत्र लागले की पेरणीची लगबग सुरू व्हावी, हा दख्खनच्या कोरडवाहू मुलखातील पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. परंतु अलीकडे मृगाचा एखादा जोरदार पाऊस पडतो, शेतकरी पाभर जुंपतो, कोंब जमिनीवर येतात आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. कोवळी रोपे माना टाकतात. दुबार पेरणीचा प्रसंग येतो. अशा वेळी घरात दोन वाटा दिसतात. घरधनी बियाण्याच्या दुकानाकडे किंवा सावकाराकडे निघतो. घरची बाई उतरंडीकडे वळते. राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात जपून ठेवलेले मूग, मटकी, हुलगे, राळे किंवा ज्वारीचे बी तिच्याजवळ असेल, तर ते वर्ष काही प्रमाणात निभावते. ते नसेल, तर कर्जाच्या आकड्यात आणखी एक आकडा वाढतो.

हवामानातील बदलाशी जुळवून घेणारी शेती, असा शब्दप्रयोग आता सरकारी कागदपत्रांत आणि कृषी मेळाव्यांत रूढ झाला आहे. अशा शेतीला लागणारे बियाण्याचे, मिश्र पिकांचे, रानभाज्यांचे आणि साठवणुकीचे ज्ञान बहुतांशी स्त्रियांजवळ आहे. मात्र कोणते पीक घ्यावे, कर्ज काढावे की नाही, विमा उतरवावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे नसतो. ज्ञान एका हाती आणि निर्णय दुसऱ्या हाती, अशी ही विभागणी आहे. ती केवळ स्त्रियांवरील अन्याय आहे असे नव्हे, तर शेतीचेही तिने नुकसान होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केला आहे.

पावसाचे बदललेले गणित

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतीय प्रदेशातील हवामान बदलासंबंधी एक आढावा प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तो तयार झाला. त्यातील निष्कर्ष शेतकऱ्याच्या अनुभवाशी जुळणारे आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी घटले. ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष जाणवली. त्याच वेळी मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. याचा सरळ अर्थ असा, की एकूण पाऊस कमी होत असतानाही ढगफुटीसारख्या सरी वाढल्या आणि दोन पावसांमधील कोरडा खंड लांबला. उत्तर हिंदी महासागराची पातळीही १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढत गेली. किनारपट्टीवरील भातशेतीच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

अशा परिस्थितीत एकाच पिकावर सारी मदार ठेवणे धोक्याचे ठरते. भिन्न मुदतीची, भिन्न खोलीवर मुळे जाणारी आणि पाण्याची भिन्न गरज असणारी पिके एकत्र घेतली, तर एक गेले तरी दुसरे हाती लागते. आपल्या वाडवडिलांची शेती याच तत्त्वावर चालत असे. बाजारी पिकांच्या ओघात ती मागे पडली.

राबणारे हात आणि नोंदीतील नाव

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतीत होत्या. त्यांपैकी सुमारे ३ कोटी ६० लाख स्त्रियांची नोंद शेतकरी म्हणून, तर ६ कोटी १५ लाख स्त्रियांची नोंद शेतमजूर म्हणून झाली. पेरणीमागे बी टाकणे, लावणी, निंदणी, खुरपणी, कापणी, वेचणी, मळणीनंतरची पाखडणी, बियाण्याची निवड, गुरांचे चारापाणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याची. नांगर आणि पाभर तेवढी पुरुषांच्या हाती.

आता जमिनीच्या धारणेकडे पाहावे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील एकूण वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १३.९६ टक्के आढळले. २०१०-११ मध्ये ते १२.७९ टक्के होते. स्त्रियांच्या नावे असलेल्या वहितीखालील क्षेत्र तर अवघे ११.७२ टक्के होते. शेतात राबणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने, पण खातेदारांच्या यादीत सातांत एक, असा हा हिशेब आहे.

ही बाब निव्वळ मानापमानाची नाही. पीक कर्ज, पीक विमा, शेतकरी सन्मान निधी, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, ठिबक संचाचे अनुदान या साऱ्यांची किल्ली जमिनीच्या उताऱ्यात असते. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याच्या खात्यात रक्कम. पती मजुरीसाठी शहरात गेला, व्यसनाधीन झाला किंवा मरण पावला, तर शेत कसणारी स्त्री पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभी असते. परंतु कागदावर ती कोणीच नसते. भावकीने नोंदीला हरकत घेतली, तर तिचे एक हंगामच नव्हे, तर अनेक वर्षे तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजविण्यात जातात. पाऊस लहरी होत चालला असताना आणि नुकसानभरपाईचे प्रसंग वाढत असताना नोंदीतील या अभावाची किंमतही वाढत जाणार, हे उघड आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे अनुमान मांडले होते, की बी, खत, पाणी, कर्ज आणि सल्ला ही साधने स्त्रियांना पुरुषांइतकीच मिळाली, तर त्यांच्या शेतातील उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल आणि विकसनशील देशांचे एकूण कृषी उत्पादन अडीच ते चार टक्क्यांनी वाढेल. याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भागातील स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांना पुरुष कुटुंबप्रमुख असलेल्या घरांच्या तुलनेत उष्णतेमुळे सरासरी ८ टक्के आणि पुरामुळे ३ टक्के अधिक उत्पन्न गमवावे लागते. ऊन आणि पूर सर्वांवर सारखेच येतात; सोसण्याची साधने मात्र सारखी नसतात.

सुधारणेचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

हवामानाशी जुळवून घेण्यासाठी ज्या सुधारणा सुचविल्या जातात, त्यांतील प्रत्येक सुधारणेमागे कोणाचे तरी श्रम असतात. ते कोणाचे, हे आधी विचारले पाहिजे. भाताची लावणी न करता थेट पेरणी केली, तर पाण्याची बचत होते आणि चिखलात दिवस-दिवस वाकून करावी लागणारी लावणी टळते. परंतु अशा शेतात तण अधिक माजते आणि निंदणीचा भार स्त्रियांवरच पडतो. गांडूळ खत आणि जीवामृत यांचे फायदे मोठे आहेत. पण शेण गोळा करणे, पाणी शिंपडणे, ढवळणे ही कामे घरातील कोणाच्या दिनक्रमात भरली जातात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. राळे, वरई, कोद्रा ही धान्ये कमी पाण्यात येतात. पण त्यांचे कवच काढणे जिकिरीचे असते. उखळ-मुसळाच्या कष्टाला कंटाळूनच अनेक घरांनी ही पिके सोडली. गावात कांडणीचे यंत्र नसताना ‘भरड धान्य पिकवा’ असा उपदेश करणे म्हणजे स्त्रियांच्या दिवसात आणखी दोन तासांची भर घालणे होय.

याच्या उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. लावणीचे यंत्र आले की लावणीच्या मजुरीवर जगणाऱ्या स्त्रियांचा रोजगार जातो आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण मात्र पुरुषांना मिळते. यंत्राला विरोध करणे हा यावरचा उपाय नव्हे. ते चालविण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि भाड्याने देण्याचे शिक्षण स्त्रियांच्या गटांना देणे, हा खरा उपाय होय.

हवामानाच्या अंदाजाची कथाही अशीच आहे. पावसाचा अंदाज आणि पीकसल्ला आता मोबाईलवरील संदेशाने येतो. हा संदेश नोंदणी झालेल्या क्रमांकावर, म्हणजे बहुतेक घरी पुरुषाच्या फोनवर येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले. दोन दिवसांनी पाऊस येणार, खुरपणी उरकून घ्या, हा निरोप खुरपणी करणाऱ्या बाईपर्यंत वेळेवर पोहोचला नाही, तर त्या अंदाजाचा उपयोग अर्ध्यावर येतो.

झहिराबाद परिसराचा धडा

हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्नाटकातील बिदरच्या सीमेलगत झहिराबाद हे गाव लागते. हा भाग पूर्वी मेदक जिल्ह्यात होता. २०१६ पासून तो तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात मोडतो. येथील पस्तापूर या खेड्यात १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचे काम सुरू झाले. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक; २०२३ साली त्यांचे निधन झाले. सुमारे ७५ गावांतील पाचएक हजार स्त्रिया ‘संघम्’ या नावाच्या गावोगावच्या मंडळांत एकत्र आल्या. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील, अल्पभूधारक किंवा भूमिहीन आणि निरक्षर होत्या.

या भागात दलित कुटुंबांना सरकारने वाटलेल्या जमिनी होत्या. पण त्या मुरमाड, उताराच्या आणि पडीक. त्या कसण्याजोग्या करण्यास भांडवल नव्हते. म्हणून घरातील माणसे जमीनदाराच्या शेतात मजुरी करीत आणि रेशनच्या तांदळावर दिवस काढीत. संघमच्या स्त्रियांनी मागणी केली, की आम्हांला बाहेरून धान्य देण्याऐवजी आमच्या पडीक जमिनी वहितीखाली आणण्यास साहाय्य करा. १९९० च्या दशकाच्या मध्यास केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या साहाय्याने हा प्रयोग उभा राहिला. तीसेक गावांतील अडीच हजारांहून अधिक एकर पडीक जमीन नांगरली गेली.

या योजनेची रचना अभ्यासण्यासारखी आहे. जमीन सुधारण्यासाठी शेतकऱ्याला कर्ज मिळे. परंतु त्याची फेड पैशाने न करता काही वर्षांच्या हप्त्यांनी ज्वारीच्या रूपाने करावयाची असे. जमा झालेले धान्य गावातच कणगीत साठविले जाई. पावसाळ्याच्या तोंडाशी, कामे आणि धान्य दोन्ही टंचाईत असताना, ते गावातील गरिबांना स्वस्त दराने विकले जाई. गरीब कोण, हेही कचेरीत न ठरता गावात ठरे. गावकरी एकत्र बसून कोणत्या घराची स्थिती काय, याची प्रतवारी स्वतः करीत. धान्य गावातच पिके, गावातच साठे आणि गावातच खपे. त्यामुळे वाहतुकीचा खर्च टळला, पडीक जमीन हिरवी झाली, मजुरीचे दिवस वाढले आणि कणगीची किल्ली स्त्रियांच्या हाती आली.

याच्याच जोडीला बियाण्याच्या पेढ्या उभ्या राहिल्या. ज्या स्त्रीला बी हवे, तिने ते उसने न्यावे आणि सुगीनंतर वाढीव मापाने परत करावे, असा साधा नियम. एकेका शेतात पंधरा-वीस प्रकारची पिके एकत्र घेण्याची जुनी पद्धत पुन्हा रुजली. ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, चवळी, अंबाडी, राळे. हिवाळ्यात ज्वारी, हरभरा, जवस, करडई. पावसाळा संपल्यावर केवळ जमिनीतील ओल आणि दवावर येणाऱ्या या हिवाळी पिकांना तेथील स्त्रिया ‘सत्याची पिके’ म्हणतात. शेतात आपोआप उगविणाऱ्या पालेभाज्यांनाही तण म्हणून उपटून न टाकता त्या अन्न म्हणून खुडतात. दुष्काळी वर्षात धान्याचे उत्पन्न घटले, तरी डाळ, तेलबिया, चारा आणि भाजी यांपैकी काही ना काही हाती लागते. विम्याची पॉलिसी कागदावर असते. हा विमा शेतातच उभा असतो.

भूमिहीन स्त्रियांनीही वाट काढली. गटाने एकत्र येऊन जमीन खंडाने घेतली, तर काही ठिकाणी अनुसूचित जाती विकास महामंडळाच्या योजनेतून विकत घेतली. एकट्या बाईला खंडाने जमीन देण्यास मालक कचरतो. वीस जणींच्या गटाशी व्यवहार करताना त्याला गावाची साक्ष असते.

२००८ च्या ऑक्टोबर महिन्यात माचनूर या गावी संघम रेडिओ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते चालविणाऱ्या स्त्रियाच, बोलणाऱ्याही त्याच आणि भाषाही शेतातील तेलुगू. बियाणे कसे राखावे, कोणत्या नक्षत्राला काय पेरावे, ही माहिती तेथे शेतकरी बायाच एकमेकींना देऊ लागल्या. दरवर्षी हिवाळ्यात सजविलेल्या बैलगाड्यांतून देशी बियाण्यांची जत्रा गावोगाव फिरू लागली. २०१९ साली या कार्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. तेथील स्त्रियांना प्रथम अधिकार मिळाले आणि मग शेती बदलली, असे झाले नाही. किंवा प्रथम शेती सुधारली आणि मग अधिकार आले, असेही नाही. बी, जमीन, कणगी आणि रेडिओ यांवरील ताबा जसजसा वाढत गेला, तसतशी शेती आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढल्या.

मराठवाड्यातील एक एकर

दुसरे उदाहरण धाराशिव आणि लातूर भागातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरबांधणीच्या कामातून गावोगावच्या स्त्रिया संघटित झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम पुढे नेले. २०१२ नंतर मराठवाड्यावर दुष्काळामागून दुष्काळ आले. नगदी पिकावर केलेला खर्चही निघेना. तेव्हा या स्त्रियांनी आपल्या घरातच एक मागणी मांडली : सगळे शेत नको, पण अर्धा किंवा एक एकर आमच्या विचाराने पिकवू द्या.

ही मागणी लहान वाटते. पण सून म्हणून आलेल्या स्त्रीने सासऱ्यासमोर आणि नवऱ्यासमोर ती मांडणे हे धैर्याचे काम आहे. ज्यांना तो तुकडा मिळाला, त्यांनी त्यात भाजीपाला, कडधान्ये, भरडधान्ये अशी अनेक पिके घेतली, रासायनिक खतांऐवजी घरी तयार केलेली खते वापरली आणि प्रथम घरच्या ताटाचा विचार केला. वाढलेला भाजीपाला आठवडी बाजारात गेला. घरातील खर्च घटला. बऱ्याच घरांत दुसऱ्या वर्षी घरधनीच सल्ला विचारू लागले. या कार्याला २०१६ साली इक्वेटर पारितोषिक लाभले.

यातील सूत्र असे, की निर्णयाचा अधिकार भाषणाने येत नाही. तो जमिनीच्या एका तुकड्यावर सिद्ध करून दाखवावा लागतो आणि त्यासाठी तो तुकडा प्रथम मिळावा लागतो.

कायदा काय सांगतो?

जमिनीच्या वारसाहक्काबाबत अनेक गैरसमज आढळतात. हिंदू वारसा अधिनियम १९५६ साली झाला. परंतु वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क त्यात नव्हता. आंध्र प्रदेशाने १९८० च्या दशकात, तर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी १९९४ साली आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क देशभर मिळाला आणि शेतजमिनीला वगळण्याची मुभा देणारी तरतूदही रद्द झाली. ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम राहतो. आदिवासी समाजाला मात्र हा अधिनियम सामान्यतः लागू नसल्याने तेथील स्त्रियांचा प्रश्न वेगळा आणि अधिक बिकट आहे.

पत्नीच्या नावाचा प्रश्न निराळा. पतीच्या हयातीत शेतावर तिचे नाव लागावे, यासाठी शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालविली. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिलांच्या अधिवेशनात या विचाराची बीजे पडली होती. ज्या गावातील शंभर शेतकरी स्वखुशीने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त, अशी ती कल्पना. पुढे १९९२ साली महाराष्ट्राच्या महसूल विभागानेही याच नावाने पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय केली. सोय आहे, पण तिचा लाभ घेणारे थोडे, अशी आजही अनेक ठिकाणची स्थिती आहे.

उताऱ्याची नावे प्रांताप्रांतांत निराळी. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सात-बारा, बेळगावकडे पहाणी, इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी, तेलंगणात पट्टादार पासबुक, गोव्यात नमुना १ व १४. नाव कोणतेही असो, त्यात बाईचे नाव आहे का, हा प्रश्न सर्वत्र एकच.

गोव्याची खाजने

गोव्यातील परिस्थिती काही बाबतींत निराळी आहे. येथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल, तर पती आणि पत्नी यांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा असतो. स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. मुलगा आणि मुलगी यांना वारसाहक्क समान आहे. वारसाविषयक कायदा आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या अधिनियमाने नव्याने बांधला गेला असला, तरी ही तत्त्वे कायम आहेत. दुसऱ्या बाजूस कोमुनिदादींमधील गावकारीचा हक्क मात्र परंपरेने पुरुषवंशानेच चालत आला. आणि कायद्याने अर्धी मालकी असूनही नमुना १ व १४ मध्ये कब्जेदार किंवा कूळ म्हणून अनेकदा एकट्या पुरुषाचेच नाव दिसते. हक्क संहितेत आणि नाव दप्तरात, या दोहोंमधील अंतर गोव्यातही मिटलेले नाही.

या अंतराला खाजन शेतीत विशेष अर्थ आहे. मांडवी, झुवारी आणि इतर नद्यांच्या खाड्यांकाठी बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आवरून पूर्वजांनी खाजने निर्माण केली. समुद्राची पातळी चढू लागली, की बांधावरील ताण वाढतो. बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील काही हंगाम जमीन खारी राहते. अशा जमिनीत तग धरणारे कोरगूट हे भाताचे जुने वाण गोव्याचेच. अधिक उत्पन्नाच्या जया, ज्योती यांसारख्या वाणांच्या काळात ते मागे पडले. पण ज्या घरांनी बी राखले, त्यांच्यामुळे ते टिकले. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अशाच स्थानिक वाणांचा अभ्यास करून ‘गोवा धान’ या नावाची क्षारसहनशील वाणे विकसित केली. बी राखण्याच्या कामात घरच्या बाईचा हात मोठा. उद्या बांध फुटून नुकसानीचा पंचनामा झाला, किंवा कृषी कार्डासाठी अर्ज करावयाचा झाला, तर मात्र तिला विचारले जाईल, ‘नाव कोणाचे?’

कोणी काय करावे?

गावाने करावयाचे पहिले काम म्हणजे ग्रामसभेत उताऱ्यांचे वाचन. ज्या घरात स्त्री शेत कसते, पण नाव नाही, अशा घरांची यादी व्हावी. मृत खातेदारांच्या वारसनोंदी रखडल्या असतील, तर त्या प्रथम मार्गी लावाव्यात. पडीक जमीन महिला गटाला खंडाने देण्यास मालक तयार असेल, तर पंचायतीने मध्यस्थी करावी. केरळातील कुटुंबश्रीच्या महिला गटांनी अशाच खंडाच्या जमिनीवर सामूहिक शेती केली. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांच्या अभ्यासात तेथील गटशेतीचे दर हेक्टरी वार्षिक उत्पन्नमूल्य वैयक्तिक कुटुंबशेतीच्या सुमारे १.८ पट आढळले.

अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाची वेळ आणि जागा ठरविताना स्त्रियांचा दिनक्रम ध्यानात घ्यावा. सकाळी दहाला तालुक्याच्या गावी ठेवलेल्या शिबिरास कोण येणार, हे आधीच ठरलेले असते. तेच शिबिर दुपारी, गावाच्या देवळात किंवा शाळेत, पाळण्यातील मुलासह येण्याची मुभा देऊन भरविले, तर हजेरीपट निराळा दिसेल. पीकसल्ल्याच्या नोंदणीत घरातील दुसरा क्रमांकही घ्यावा. पंचनाम्याच्या वेळी प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीचा जबाब नोंदवावा. एखादे नवे तंत्र सुचविताना, त्याने कोणाचे श्रम वाढतील आणि कोणाचे घटतील, हा प्रश्न टिपणात लिहिला जावा.

शिक्षकांचे कामही कमी महत्त्वाचे नाही. आजीला विचारून गावातील जुन्या पिकांची आणि रानभाज्यांची यादी करणे, पंचांगातील नक्षत्रे आणि प्रत्यक्ष पाऊस यांची वर्षभर नोंद ठेवणे, आईच्या आणि वडिलांच्या एका दिवसाच्या कामाचे तासवार कोष्टक मांडणे, हे उपक्रम कोणत्याही शाळेत खर्चाविना होऊ शकतात. ते कोष्टक फळ्यावर मांडले गेले, की बरेच काही न बोलता समजते.

दरवर्षी १५ ऑक्टोबर हा दिवस भारतात महिला किसान दिवस म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. दिवस आणि वर्षे येतात व जातात. त्या निमित्ताने एखाद्या गावातील दहा उताऱ्यांवर दहा नावे चढली, तर तो दिवस सार्थकी लागला असे म्हणता येईल. पाऊस कधी येईल, हे माणसाच्या हाती नाही. तो आला किंवा न आला, तर शेत कोणाच्या विचाराने पेरले जाईल आणि नुकसानीची रक्कम कोणाच्या हाती पडेल, हे मात्र गावाच्या, घराच्या आणि कचेरीच्या हाती आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किती खातेदार स्त्रिया आहेत? त्यांपैकी प्रत्यक्ष शेतीचे निर्णय कितीजणी घेतात?

२. गेल्या पाच वर्षांत दुबार पेरणीचा प्रसंग किती वेळा आला? त्या वेळी बियाणे कोठून आले?

३. आपल्या घरात पुढील हंगामासाठी बी कोण निवडते, कोण साठविते आणि काय पेरावे हे कोण ठरविते?

४. गावात भरडधान्य कांडण्याचे यंत्र आहे काय? नसल्यास सर्वांत जवळचे यंत्र कोठे आहे आणि तेथपर्यंत धान्य कोण वाहून नेते?

५. हवामानाचा अंदाज आपल्या घरी कोणाच्या फोनवर येतो आणि तो शेतात काम करणाऱ्यांना कधी समजतो?